‘तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा’ असं बाबा म्हणतात तेव्हा

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिकच्या एक ताई, वय ४१, नोकरी करतात, घरी नवरा आणि सहावीतली मुलगी. वडील ७४ वर्षांचे, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून रिटायर झालेले, दरवर्षी फळ्यावर खडूने पिरॅमिडचा उभा छेद काढून आतल्या वाटा मुलांना दाखवायचे. दोन वर्षांपूर्वी ताईंच्या आई गेल्या, तेव्हापासून बाबा फारसे बाहेर पडत नाहीत. ताईंनी मनाशी पक्कं केलंय की बाबांना इजिप्त दाखवायचंच, त्यांचा पासपोर्टसुद्धा काढून आणलाय. एका टूर कंपनीचं आठ दिवसांचं पॅकेज पसंत केलंय, त्यात कैरो, अलेक्झांड्रिया, अस्वान, अबू सिंबेल, नाईल क्रूझ, लक्झर आणि शेवटी हुरघाडाचा बीच. मुलीला सुट्टी म्हणून मे महिना. ताई लिहितात, ‘परत थोडंच जाणं होणारे, एकदाच काय ते सगळं बघून घेऊ.’ पण भाऊ म्हणतो या गुडघ्यांनी त्यांना कुठे नेतेस, नवरा म्हणतो तेवढ्या पैशात दुबई आरामात होईल, आणि बाबा स्वतः म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा, बास.’ ताईंचा प्रश्न असा की माझा हट्ट चुकतोय का, बाबांना नेऊ की नको, आणि टूरने जाऊ की आपलं आपण?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आठ दिवसांचा कार्यक्रम तुम्ही जवळजवळ दीड पान लिहिलाय, कुठल्या दिवशी किती वाजता निघायचं इथपर्यंत. पण बाबांना त्यातलं काय बघायचंय याची एक ओळसुद्धा पत्रात नाही. तुम्ही त्यांना ‘येणार ना?’ एवढंच विचारलंत आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं. आपल्या आईवडिलांच्या पिढीला ‘येणार ना’ असं विचारलं की उत्तर ठरलेलंच असतं. तो ‘नको’ कधी खर्चाचा असतो, कधी ‘माझ्यामुळे तुम्हाला थांबायला लागेल’ याचा असतो, कधी अनोळखी ठिकाणी रात्रीत तीनदा बाथरूमला उठायला लागतं त्याचा असतो, आणि हे शेवटचं कारण कुणीच तोंडाने सांगत नाही. आणि कधीकधी तो खराच नको असतो हेही लक्षात ठेवा. तुमच्या बाबतीत अजून एक शक्यता मला दिसते, की हे स्वप्न त्यांनी तुमच्या आईबरोबर बघितलेलं असेल आणि आता एकट्याने जायचं हेच त्यांना जड जात असेल. यातलं नेमकं काय आहे ते मला इथे बसून कळणार नाही, तुम्हाला मात्र एका संध्याकाळी कळू शकेल.

त्यांना परत ‘येणार का’ विचारू नका. मुलीला कागदपेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसवा आणि म्हणा, बाबा, तो फळ्यावरचा पिरॅमिड हिला काढून दाखवा. ते काढतील, बोलायला लागतील, मग सहज विचारा की समजा तिथे फक्त तीन जागा बघायला मिळणार असतील तर कुठल्या तीन. त्यांनी सांगितलेली नावं लिहून घ्या. तो कागद हीच तुमची खरी आयटिनररी. आणि शिक्षक माणूस आहे, तीन विचारलीत तर पाच सांगतील, तीही लिहून घ्या.

आता ‘एकदाच जाणार म्हणून सगळं बघू’ याबद्दल. हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, कारण विमानाच्या तिकिटाचे पैसे आपल्याला टोचत असतात, त्यात चुकीचं काही नाही. पण मी स्वतः काही वर्षांपूर्वी अशाच एका आठ दिवसांच्या ग्रुप टूरने इजिप्तला गेले होते आणि त्यातलं माझ्या हाताला काय लागलं ते सांगते. लक्झरच्या कर्नाक मंदिरात १३४ खांबांचा एक मंडप आहे, खांब एवढे जाड की चारपाच माणसांनी हात धरून कडं केलं तरी कवेत येणार नाहीत. वर मान करून बघितलं तर आडव्या तुळयांच्या खालच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही तिथे, जुना रंग अजून शिल्लक आहे, निळा, विटकरी, थोडा पिवळा. तीन हजारांहून जास्त वर्षांचा रंग. मी तो बघत उभी होते आणि पलीकडून गाइडने झेंडी हलवली, कारण कर्नाकला आम्हाला एकूण चाळीस मिनिटं दिली होती. त्याच दुपारी पपायरसच्या, म्हणजे तिकडच्या जुन्या पद्धतीच्या कागदाच्या, दुकानात आमचा सव्वा तास गेला. आमच्या ग्रुपमध्ये साधारण तुमच्या बाबांच्याच वयाचे एक काका होते, पहिले दोन दिवस हौसेने चालले, तिसऱ्या दिवसापासून ‘मी बसमध्येच बसतो’ म्हणायला लागले. बाहेर मंदिर आणि आत पडदा ओढून, एसी लावून बसलेले काका. मला त्या टूरमधलं सगळ्यात जास्त तेच आठवतं, म्हणून तुमच्या पत्राला इतकं लांब उत्तर लिहितेय.

तेव्हा टूर की आपलं आपण, याचं माझं उत्तर सरळ आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला घेऊन हे आठ दिवसांचं पॅकेज नको. ग्रुप टूर वाईट असते असं नाही, एकट्या जाणाऱ्या बायकांना किंवा भाषेची धास्ती वाटणाऱ्यांना तिचा मोठा आधार असतो, जेवणाची चिंता नसते, सोबत असते. पण ग्रुपचा वेग सगळ्यात जोरात चालणाऱ्याचा असतो आणि थांबायचं कधी हे तुमच्या हातात नसतं. तुम्ही चौघं आहात, एका गाडीत मावता. तिथल्या चांगल्या एजन्सीकडून ड्रायव्हरसकट गाडी आणि लायसन्स असलेला गाइड, हे शहराशहरापुरतं ठरवता येतं, आणि चौघांत वाटून घेतलं की पॅकेजच्या मानाने तुम्हाला वाटतं तेवढं महाग पडत नाही. ठरवतानाच लिहून सांगा, दुकानं नकोत, अत्तराचं नको, पपायरसचं नको.

मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं. अलेक्झांड्रिया सोडा. कैरोहून जाऊनयेऊन साडेचारशे किलोमीटर होतात आणि ज्या प्राचीन ग्रंथालयासाठी तुमचे बाबा तिथे जातील त्याची एक वीटही तिथे बघायला मिळत नाही, आत्ताची इमारत २००२ सालची आहे. हुरघाडा पण सोडा, समुद्र आपल्याकडे आहे. अबू सिंबेलच्या डोंगरात कोरलेल्या देवळाचा विचार मात्र बाबांना विचारून करा. ते अस्वानपासून रस्त्याने २८० किलोमीटर लांब आहे, पहाटे चारला निघायचं, तीनसाडेतीन तास तिकडे आणि तेवढेच परत, आणि हे सगळं दोनअडीच तासांच्या बघण्यासाठी. पण ते देऊळच्या देऊळ डोंगरातून कापून, १९६४ ते १९६८ या काळात, धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून मूळ जागेपासून साठपासष्ट मीटर वर नेऊन परत जोडलंय. इतिहासाच्या मास्तरांना ही गोष्ट हवीच असेल तर न्या, तिथे विमानही जातं, मग दुसरं काहीतरी गाळा.

माझ्या मते तुमच्यासाठी दोनच मुक्काम पुरेत, कैरोत चार रात्री आणि लक्झरला चार किंवा पाच, मधला प्रवास विमानाने, तासाभराचा. दोन्हीकडे एकेक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. हॉटेल सारखं बदललं नाही की बाबांना बाथरूम कुठे, लाईटचं बटण कुठे हे पाठ होतं, आणि वयस्कर माणसाला याचा केवढा धीर येतो ते आपल्याला कळत नाही. क्रूझ हवीच असेल तर आधी विचारा की बोटीवर लिफ्ट आहे का. बऱ्याच बोटींवर नसते, आणि धक्क्याला बोटी एकीला एक लागून उभ्या राहतात, त्यामुळे किनाऱ्यावर यायला कधीकधी दोनतीन बोटींमधून चालत जावं लागतं, मधे अरुंद फळी असते. हे कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. क्रूझऐवजी लक्झरला संध्याकाळी शिडाच्या होडीतून, तिकडे फेलुका म्हणतात, तासभर नाईलमध्ये फिरलात तरी तुमच्या मिस्टरांना हवा तो आराम मिळेल.

गिझाबद्दल, म्हणजे कैरोजवळच्या पिरॅमिडांबद्दल, एक गोष्ट आत्ताच मनाशी ठरवून टाका. बाबांनी आयुष्यभर खुफू राजाच्या मोठ्या पिरॅमिडचा उभा छेद काढलाय, त्यामुळे आत जायचा मोह त्यांना होणार. पण आतली चढती वाट जेमतेम सव्वा मीटर उंचीची आहे, कमरेत वाकून, आखूड श्वास घेत चढायचं, पुढे उंच दालन आणि शेवटी ग्रॅनाइटची एक जवळजवळ रिकामी खोली. गुडघे दुखणाऱ्याने ते करू नये. नातीला आणि जावयाला पाठवा, आणि ते आत जायच्या आधी बाबांनी बाहेर सावलीत बसून कागदावर तोच छेद काढून द्यावा, इथे वाकायचं, इथून उभं राहता येईल, इथे वर बघायचं. ती मुलगी आजोबांच्या हातचा नकाशा घेऊन पिरॅमिडमध्ये शिरेल आणि वीसपंचवीस मिनिटांनी धापा टाकत बाहेर येऊन त्यांना सांगेल की तुम्ही काढलं होतं तस्संच आहे.

आता बघा, बाबा म्हणतात ना, मला फोटो दाखवा. ते नाशिकला सोफ्यावर बसून का बघायचे? तिथेच, थडग्याच्या तोंडाशी बसून बघू देत की. लक्झरजवळच्या राजांच्या खोऱ्यात नेहमीच्या तिकिटात तीन थडगी बघता येतात, आणि गाइड आत बोलत नाहीत, जे सांगायचं ते बाहेरच सांगतात. मोबाईलने बिनफ्लॅशचे फोटो काढता येतात. तेव्हा बाबांना झेपतील तीच थडगी त्यांच्यासाठी निवडा, चौथ्या रामसेसचं त्यातल्या त्यात सोपं आहे, जवळजवळ सरळ आत जाणारी रुंद वाट आणि आत गेल्यागेल्या दोन्ही भिंती रंगांनी भरलेल्या. कोवळ्या वयात गेलेल्या तुतनखामेन राजाचं थडगं हॉवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकाला १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये सापडलं ते सोळा पायऱ्या उतरून, त्याला वेगळं तिकीट आहे, जागा लहान आहे, पण त्या पोराची ममी अजून तिथेच आहे, म्हणून बाबांना एवढ्या पायऱ्या जमत असतील तर सावकाश न्या. तिसऱ्या थुतमोसच्या थडग्याला आधी उंच शिडीसारखा जिना चढायचा आणि मग आत उतरायचं, तिथे फक्त मुलगी आणि तिचे बाबा जाऊ देत, आजोबा बाहेर बाकावर, आणि बाहेर आल्यावर पाच मिनिटांत फोटो त्यांच्या हातात. तिकिटाच्या जागेपासून आतपर्यंत छोट्या विजेच्या गाड्याही आहेत, त्यामुळे तेवढी चाल वाचते.

आणि एक जागा अशी सुचवते जी बऱ्याच पॅकेजांत नसते, देर अल मदिना. राजांची थडगी कोरणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव. घरांची जोती अजून दिसतात, एकाला एक लागून, चाळीसारखी. ही माणसं दगडाच्या कपच्यांवर रोजचं लिहून ठेवायची, त्यात कामावर कोण आलं नाही आणि का, याची यादी सापडलीय, एकाला विंचू चावला, एक घरी बियर गाळत होता. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी त्यांचं धान्य, म्हणजे पगारच, थकला तेव्हा ते काम टाकून मंदिरांपाशी जाऊन बसले, ‘आम्ही उपाशी आहोत’ म्हणून. जगातला नोंद असलेला हा पहिला संप. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला थकलेला पगार काय असतो ते कुणी समजावून सांगायला लागत नाही. मला खात्री आहे की ते त्या जोत्यांवर तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यापेक्षा जास्त वेळ थांबतील.

मुखवटा अर्थात बघाच. गिझातलं नवीन ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण उघडलं, तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू तिथे पहिल्यांदाच एकत्र मांडल्यात, लिफ्ट आहेत, व्हीलचेअर सगळीकडे फिरते, तिकीट मात्र वेळेच्या स्लॉटचं ऑनलाइन काढा. बाबा ‘मला खुर्ची नको’ म्हणतील, पण म्युझियममध्ये घ्यायलाच लावा, त्यांना सांगा की पाय वाचवले तर पुढे लक्झरला कर्नाक चालता येईल. राजाराण्यांच्या ममी तिथे नाहीत हे लक्षात ठेवा, २०२१ साली २२ ममी मोठ्या मिरवणुकीने कैरोतल्याच फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात नेल्या. मुलगी ममीला घाबरेल अशी शंका असेल तर आधी बडोद्याच्या म्युझियममध्ये एक खरी ममी आहे ती दाखवून आणा, तिची तयारी होईल आणि तुम्हालाही अंदाज येईल.

मुलीला जायच्या आधी खुफूचं नाव वाचायला शिकवा, सोपं आहे, लांबट कड्यात एक रेघारेघांचा गोल, मग लाव्याचं पिल्लू, मग शिंगांचा साप, मग परत पिल्लू. ख-उ-फ-उ. हे एक नाव ओळखता यायला लागलं की पोरं प्रत्येक भिंतीवर कडी शोधत सुटतात, ‘दगडच तर आहेत’ हे वाक्य मग कुणी बोलत नाही.

बाबांच्या मनात अजूनही घुटमळ असेल तर त्यांना तेर आणि पैठणबद्दल विचारा. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या समुद्रमार्गांच्या पुस्तकात पैठण, तेर, कल्याण, सोपारा ही आपली गावं नावानिशी आलीत, पैठणचे अकीक, तेरचं कापड भडोचच्या बंदरात कसं यायचं ते लिहिलंय. तिथून माल तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेसारख्या बंदरांत उतरायचा, उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलला लागायचा, लक्झरच्या थोडं उत्तरेला, आणि होडीने खाली जायचा. बेरेनिकेच्या उत्खननात आपल्याकडच्या रांजणात भरलेली साडेसात किलो काळी मिरी मिळालीय, बुद्धाची मूर्तीही मिळालीय. लक्झरच्या घाटावर बसून हे सगळं नातीला सांगणारा माणूस तुमच्या घरातच आहे, त्यासाठी वेगळा गाइड कशाला.

मे महिना मात्र रद्द करा, यावर मी अडून बसणार आहे. लक्झरला मे मध्ये चाळीसच्या वर पारा जातो आणि त्या खोऱ्यात झाड नाही. दिवाळीची सुट्टी पकडा, नोव्हेंबरात हवा छान असते, शाळेचे दोनतीन दिवस बुडाले तर बुडू देत. भावाची काळजी खोटी नाही, पण तिचं उत्तर डॉक्टरांकडून घ्या, भावंडांत वाद घालून नाही. बाबांची तब्येत दाखवा, बीपी शुगर जे असेल ते न लपवता ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा. एक फार महत्त्वाचं, गुडघेदुखीच्या गोळ्यांत आपल्याकडे कधीकधी ट्रामाडॉल असतं, आणि इजिप्तमध्ये त्याच्यावर कडक बंधन आहे, गोळ्या सापडल्या म्हणून लोकांना तुरुंगात जावं लागलंय. पाकिटावरची नावं डॉक्टरांना दाखवा, असेल तर बदलून घ्या, बाकी औषधांचं प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा. विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची, तिचे सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते एजंटच्या तोंडी न ऐकता दूतावासाकडून खात्री करा. बऱ्याच ठिकाणी तिकीट खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्ड लागतं, पण सुट्ट्या नोटा खिशात हव्यातच, कारण दार उघडणारा, बॅटरी दाखवणारा प्रत्येकजण ‘बक्षीश’ मागतो, शब्द आपल्या ओळखीचाच आहे. उंटवाले फारच मागे लागले तर ‘ला, शुक्रन’, म्हणजे ‘नको, धन्यवाद’, म्हणून चालत राहायचं, थांबायचं नाही.

जेवणाची काळजी वाटत असेल, बाबा शाकाहारी आहेत ना? कोशरी नावाचा पदार्थ गल्लोगल्ली मिळतो, भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा आंबटतिखट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. सकाळी फूल म्हणजे शिजवलेली बाकल्याची, म्हणजे वालासारख्या मोठ्या दाण्यांची, उसळ आणि गरम रोटी. चार दिवस कुणीही आनंदाने खाईल, पाचव्या दिवसासाठी मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या.

नवऱ्याशी बोलताना दुबईला नावं ठेवू नका. त्यांना खरंच आराम हवा असेल आणि तुमच्या पहिल्या कार्यक्रमात तो कुठेच नव्हता. नवीन कार्यक्रमातले दोन मोकळे दिवस त्यांना दाखवा, त्यातला एक त्यांच्या मनासारखा घालवू द्या.

आणि हे सगळं करूनही बाबा शांतपणे, कारण सांगून ‘नको’ म्हणाले तर ताई, ऐका त्यांचं. त्यांची तीन नावं लिहिलेला तो कागद जपून ठेवा. मग तुम्ही तिघं जा किंवा जाऊ नका, पण त्यांच्या होकाराआधीच काढलेल्या पासपोर्टचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवू नका.

ते हो म्हणाले तर मात्र पाचशे ग्रॅमच्या आसपासचं घडीचं हलकं स्टूल मिळतं ते इथूनच घेऊन जा, नातीच्या सॅकमध्ये मावतं, आणि कर्नाकच्या त्या खांबांमध्ये सकाळी उघडल्याउघडल्या, गर्दी यायच्या आत, ते मांडून त्यांना वर बघत बसू द्या.